लेकीला मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइन सुरू करायला सांगितलंय, द्यावं की नाही?

गौरीची_आई (१२ जून, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक १९ वर्षांची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नववीपासून मुरमं आहेत पण गेल्या दीड वर्षात जे चाललंय ते मुरमं म्हणण्यासारखं राहिलेलं नाही. जबड्याच्या कडेने आणि पाठीवर आत खोल गाठी येतात, हाताला लागतात, महिना-महिना बसत नाहीत, बसल्या की खड्डा ठेवून जातात. सकाळी उशीचा अभ्रा बघवत नाही. मी हल्ली गडद रंगाचेच अभ्रे आणते, म्हणजे तिला डाग दिसायला नकोत.

जायफळ उगाळून लावलं, मसूरडाळीचं पीठ झालं, मुलतानी माती, कडुलिंबाचा रस, दोन वर्षं होमिओपॅथी. मग डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचे ३-३ महिन्यांचे दोन कोर्स आणि अ‍ॅडापॅलीनचं जेल. गोळ्या चालू असेपर्यंत बरं, बंद केल्या की परत तेच. आता नवीन स्किनच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनोइन २० एमजी रोज एक लिहून दिलीय. त्याआधी रक्ताच्या तपासण्या, एका फॉर्मवर सह्या, आणि प्रेग्नन्सी टेस्ट. अविवाहित मुलीची प्रेग्नन्सी टेस्ट म्हटल्यावर आमचे हे एकदम लाल झाले, तिथून उठूनच आले.

घरी येऊन मी रात्री मोबाईलवर वाचत बसले आणि माझी झोपच उडाली. लिव्हर, डिप्रेशन, केस गळणं, काय काय लिहिलंय. ते सगळं अजून तिला सांगितलेलं नाही. सासूबाई म्हणतात लग्न झालं की आपोआप जातात. ज्यांनी स्वतः घेतलीय किंवा मुलांना दिलीय त्यांनी प्लीज खरं खरं सांगा. द्यावं का?

ऋतुजा_एस (१२ जून, रात्री ११.५८)

द्या. मी २०१६ ला घेतली होती. ओठ फुटतात, बाकी काही झालं नाही. आज चेहरा बघून कोणाला सांगितलं तरी खरं वाटत नाही.

डोंबिवली_फास्ट_लोकल (१३ जून, सकाळी ८.१५)

ताई, मी पुरुष आहे त्यामुळे प्रेग्नन्सीचा भाग सोडून सांगतो. २३ व्या वर्षी घेतली, ८ महिने. पाठीवर इतक्या गाठी होत्या की लोकलमध्ये सीटला टेकून बसता यायचं नाही, कल्याण ते सीएसटी ताठ बसून जायचो.

पहिला महिना सगळ्यात वाईट गेला हे आधीच सांगून ठेवतो कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात आहे त्यापेक्षा जास्त उठलं. मी गोळी बंद करून टाकणार होतो, आईनेच डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले सुरुवातीला असं वाढू शकतं, मला येऊन दाखवा. गेलो, डोस कमी केला, महिनाभराने परत वाढवला. अडीच महिन्यांनी एक दिवस आंघोळ करताना पाठीवर हात फिरवला आणि नवीन गाठच नव्हती. तो दिवस अजून आठवतो.

त्रास काय झाला तर ओठ. म्हणजे हिवाळ्यात फुटतात तसे नाही, सालपटं निघायची आणि कोपऱ्यातून चिरायचे, मिसळ खाता यायची नाही. नाकातून दोन-तीनदा रक्त आलं (नाक आतून कोरडं पडतं). कॉन्टॅक्ट लेन्स सोडून चष्म्यावर आलो. जिम केली की अंग फार दुखायचं. हे सगळं गोळी थांबल्यावर महिन्याभरात गेलं.

बिनधास्त_बाबा (१३ जून, सकाळी ९.०२)

एवढ्या तपासण्या आणि सह्या घेऊन द्यावं लागतं ते औषध पोरीला कशाला द्यायचं? माझं स्पष्ट मत, नको. वय झालं की मुरमं जातात. आम्हालाही होती.

डॉ_त्वचा (१३ जून, दुपारी २.३०)

मी स्किनची डॉक्टर आहे. तपासल्याशिवाय इथे कोणाला हो किंवा नाही सांगणार नाही, पण औषध काय आहे आणि त्या टेस्टचं कारण काय हे सांगते, कारण त्या टेस्टवरून घरात भांडण होऊन मुलीचे उपचार थांबलेले मी माझ्या ओपीडीत बघते आणि वाईट वाटतं.

आयसोट्रेटिनोइन हे व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं औषध आहे. अमेरिकेत १९८२ ला मान्यता मिळाली, म्हणजे ४० वर्षांहून जुनं, त्याचे गुण-दोष आम्हाला चांगले माहिती आहेत. त्वचेतल्या तेल तयार करणाऱ्या ग्रंथी ते आकसवतं. तेल कमी झालं की त्यावर जगणारे जंतू कमी होतात, छिद्रं बुजायची थांबतात, सूज उतरते. मुरमांची जी चार कारणं आहेत त्या चारींवर काम करणारं हे एकच औषध आहे. म्हणून गाठी आणि खड्डे पडणाऱ्या मुरमांना आम्ही ते लवकर देतो. बाबा म्हणतात तशी मुरमं वयाने जातात हे खरं, पण खड्डे जात नाहीत.

आता प्रेग्नन्सी टेस्ट. या औषधाचा सगळ्यात मोठा, वादातीत धोका हाच आहे. गर्भ राहिलेला असताना थोडे दिवस जरी पोटात गेलं तरी बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्या-कानांत गंभीर व्यंग होऊ शकतं. त्यामुळे जगात कुठेही नीट काम करणारा डॉक्टर मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीला विचारतो. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, त्यात लग्न झालं-नाही झालं, घरचे संस्कार, असला काही प्रश्नच नाही. साखर बघितल्याशिवाय सर्जन ऑपरेशनला हात लावत नाही, तसंच हे. तुमच्या यजमानांना एवढं सांगा की ज्या डॉक्टरने हे विचारलं तो काळजीने काम करतोय. न विचारता चिठ्ठी लिहून देणाऱ्याची भीती जास्त बाळगा.

आणि घरात डॉक्सीसायक्लिनची उरलेली पाकिटं असतील तर ती बाजूला काढा. दोन्ही औषधं एकत्र पोटात गेली तर मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो, प्रचंड डोकेदुखी, उलटी, नजर धूसर. असं झालं तर थांबवून लगेच दाखवायचं.

गौरीची_आई (१३ जून, रात्री १०.२०)

डॉक्टर, खूप खूप धन्यवाद. तुमचा प्रतिसाद मी यांना मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण साखरेचं उदाहरण पटलेलं दिसलं, त्यांना स्वतःला डायबेटिस आहे. आणि हो, फ्रीजवरच्या डब्यात डॉक्सीचं अर्धं पाकीट सापडलं!

मृण्मयी_न्यूजर्सी (१४ जून, पहाटे ४.४५)

इकडे अमेरिकेत तर हे औषध घेणाऱ्या प्रत्येकाची नोंद होते. आयप्लेज नावाची सिस्टीम आहे, २००६ पासून. माझ्या मुलीने मागच्या वर्षी कोर्स पूर्ण केला. दर महिन्याला प्रेग्नन्सी टेस्ट, दर महिन्याला ऑनलाईन प्रश्नांची उत्तरं, मग डॉक्टर सिस्टीममध्ये टाकणार, मग फार्मसी देणार, आणि ७ दिवसांत औषध उचललं नाही तर परत सगळं पहिल्यापासून. १८ वर्षांच्या पोरीला दर महिन्याला हे करायला लावताना मलाही आधी अवघडल्यासारखं झालं होतं. तीच मला म्हणाली, आई हा फॉर्म आहे, माझं कॅरेक्टर सर्टिफिकेट नाही.

अश्विनी_नागपूर (१४ जून, सकाळी ११.१०)

बाप्पा, मृण्मयीताईची पोरगी लय शहाणी आहे.

माझं वेगळंच झालं ते सांगते. लग्नाआधी चार महिने मला एका ठिकाणी ही गोळी चालू केली, दवाखान्याचं नाव घेत नाही. कोणीच काही विचारलं नाही. लग्न ठरलंय का, पाळी कधी आली, काही म्हणजे काहीच नाही. मेडिकलवाला जुनी चिठ्ठी दाखवली की देऊन द्यायचा. लग्न झालं, गोळी चालूच. दुसऱ्या महिन्यात पाळी ९ दिवस पुढे गेली आणि त्या ९ दिवसांत मी पाकिटातला कागद पहिल्यांदा उघडून वाचला. त्याच्यावर पोटुशी बाई, त्यावर काट, असं चित्रच होतं. मी बाथरूममध्ये बसून रडली. टेस्ट निगेटिव्ह आली, तरी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, त्यांनी परत रक्ताची टेस्ट केली, तीही निगेटिव्ह. तेव्हा कुठे जीवात जीव आला. त्या म्हणाल्या औषध सुरू करायच्या आधी एक महिना, चालू असताना, आणि थांबल्यावर एक महिना दिवस जाता कामा नयेत, हे तुम्हाला कोणीतरी बसवून सांगायला पाहिजे होतं.

म्हणून ताई, ज्यांनी टेस्ट मागितली त्या डॉक्टरांना सोडू नका.

रसिका७ (१४ जून, दुपारी १२.४०)

अश्विनी, वाचून काटा आला गं. एक महिनाच ना नक्की? मी कुठेतरी ३ वर्षं वाचलं होतं.

डॉ_त्वचा (१४ जून, दुपारी ३.०५)

३ वर्षं ते अ‍ॅसिट्रेटिनसाठी, सोरायसिसला देतात ते याचंच भावंड. नावं सारखी असल्यामुळे गल्लत होते. आयसोट्रेटिनोइन शरीरातून लवकर निघून जातं, त्याला १ महिना. आणि पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर याचा परिणाम होत नाही, हा प्रश्न मला आया रोज विचारतात म्हणून आधीच लिहिते.

अश्विनी, तुमच्या बाबतीत झालं ते व्हायलाच नको होतं. हे शेड्यूल एच मधलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध आहे, पाकिटावर लाल उभी रेघ असते ती उगाच नसते, जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्महिने मिळता कामा नये.

वैद्य_प्रेमी (१४ जून, संध्याकाळी ६.२२)

मी आयुर्वेद मानणारा माणूस आहे आणि इथे कोणाला दुखवायचं नाही. पण पोट साफ नसणं, जागरण, विरुद्ध आहार याचा विचार न करता एकदम एवढं तीव्र औषध? माझ्या भाचीला वैद्यांनी मंजिष्ठा आणि सारिवाद्यासव दिलं, वर्षभरात चेहरा बराच स्वच्छ झाला. निदान दोन्ही बरोबर चालू ठेवा, म्हणजे उष्णता बाधणार नाही.

डोंबिवली_फास्ट_लोकल (१४ जून, संध्याकाळी ७.००)

काका, भाचीला गाठी होत्या की बारीक पुटकुळ्या? फरक आहे ना. ताईंनी साडेतीन-चार वर्षं घरगुती, होमिओपॅथी, सगळं करून झालंय, वर लिहिलंय. अजून किती थांबवायचं त्या पोरीला.

डॉ_त्वचा (१४ जून, रात्री ९.१५)

वैद्य_प्रेमी, भाचीला बरं वाटलं याचा आनंदच आहे. फक्त दोन्ही एकत्र नको. आयसोट्रेटिनोइन चालू असताना लिव्हरची एंझाइम्स वाढली तर ती कशामुळे वाढली हे आम्हाला कळलं पाहिजे. बरोबर आसव, काढे, त्यात काय आहे माहीत नसलेली चूर्णं चालू असतील तर कळायला मार्ग राहत नाही. जे काही घेत असाल ते डॉक्टरला सांगा, लपवू नका. मल्टीव्हिटॅमिन आणि कॉडलिव्हरच्या गोळ्यासुद्धा, कारण त्यात व्हिटॅमिन ए असतं आणि ते वरून नको असतं. गाजर, पपई, पालेभाज्या खुशाल खा.

सचिन_ट्रान्सपोर्ट (१५ जून, रात्री १.३०)

मी ड्रायव्हिंगवाला माणूस म्हणून एक सांगतो. मला ही गोळी चालू होती तेव्हा रात्री खंबाटकी उतरताना समोरच्या ट्रकचा लाइट डोळ्यावरून गेला की मग दोन-तीन सेकंद पुढचं काही दिसेनाच, काळं. पहिल्यांदा वाटलं झोप आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. गाडी बाजूला घेऊन क्लीनरला चालवायला बसवलं. डॉक्टर म्हणाले अंधाराला डोळा सरावायला वेळ लागतो, या गोळीने होऊ शकतं, थोड्यांना होतं. चिठ्ठी बदलून दिली. तेवढ्यापुरतं रात्रीचं गाडी चालवणं बंद केलं. लेक रात्री क्लासवरून स्कूटीवर येत असेल तर लक्ष ठेवा एवढंच.

गौरीची_आई (१५ जून, सकाळी ७.५०)

सचिनदादा, हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. ती स्कूटीवरच येते, साडेनऊ होतात. मनापासून आभार.

अजून एक घरगुती अडचण. सासूबाई माळकरी आहेत आणि गौरी पण त्यांच्या धाकाने का होईना शुद्ध शाकाहारी. कोणीतरी त्यांना सांगितलं ती मऊ कॅप्सूल जिलेटीनची असते. खरं आहे का? फोडून आतलं औषध दुधात घालून दिलं तर चालेल का?

डॉ_त्वचा (१५ जून, दुपारी १.४५)

हो, मऊ कॅप्सूल बहुतेक जिलेटीनच्याच असतात आणि जिलेटीन प्राण्यापासून येतं. पण फोडून देऊ नका. आतलं औषध तोंडाला, घशाला लागून त्रास होतो, डोस नीट जात नाही, आणि घरात दुसरी कोणी गरोदर बाई असेल तर तिच्या हाताला ते लागणं नको. हा प्रश्न आजींसमोर बसूनच सोडवा, लपवून देऊ नका. माझ्याकडे आलेल्या एका आजींनी औषध म्हणून परवानगी दिली होती. प्रत्येकीचा निर्णय तिचा.

आणि गोळी जेवणानंतरच, तीही थोडं तूप-तेल असलेल्या जेवणानंतर. हे औषध स्निग्धात विरघळतं, उपाशीपोटी घेतली तर निम्मीही अंगी लागत नाही. मुरमं आहेत म्हणून तूप तोडणाऱ्या मुली मला भेटतात आणि मी त्यांना वरण-भातावर चमचाभर तूप घेऊन गोळी घ्यायला सांगते, तेव्हा त्यांच्या आज्या माझ्यावर खूष होतात.

सुमन_कुडाळ (१५ जून, दुपारी ४.१०)

ओठांसाठी आमच्याकडचं सांगू का. कोकमाच्या बियांचं तेल, आम्ही भिरंडेल म्हणतो. घट्ट पांढरट वडी असते, चमच्यात जरा तापवायची की वितळते, बोटाने ओठांना लावायची, नाकाच्या आतल्या कडेला पण. माझ्या मुलाने गोळी चालू असताना सहा महिने तेच वापरलं. बाजारातल्या सुगंधी लिप बामने त्याचे ओठ चुरचुरायचे. टाचांना लावायचं तेल ओठांना काय लावतोस म्हणून मित्र चिडवायचे, नंतर त्यांनीच मागून नेलं.

रसिका७ (१५ जून, दुपारी ४.३२)

सुमनताई, पुण्यात मिळतं का ते?? मला नुसतंच हवंय, गोळी नाही चालू माझी :)

सुमन_कुडाळ (१५ जून, दुपारी ४.५०)

मिळतं गं, कोकणातला माल ठेवणाऱ्या दुकानात विचार. नाहीतर मला कळव, पाठवीन.

शंतनू_प्रोटीन (१५ जून, रात्री ८.०५)

जिमवाल्यांसाठी. व्हे प्रोटीनने मुरमं वाढतात असा माझा अनुभव, बंद केल्यावर निम्मी कमी झाली. आणि गोळी चालू असताना जोरात व्यायाम केला तर सीपीके (स्नायूंचं एंझाइम, रक्तात बघतात) वाढतं, माझं वाढलं होतं, डॉक्टरांनी दोन आठवडे वजनं बंद करायला लावली.

केतकी_कोल्हापूर (१६ जून, रात्री १२.१५)

मी लिहू की नको असा विचार दोन दिवस करतेय. माझ्या धाकट्या भावाबद्दल आहे.

तो बारावीला होता, गोळी सुरू होऊन तिसरा महिना. मुरमं कमी झाली होती, घरी सगळे खूष. आणि तो बोलेनासा झाला. आधी आम्हाला वाटलं परीक्षेचं टेन्शन. मग जेवायला उठेना, रंकाळ्यावर मित्रांबरोबर रोज जाणारा मुलगा आठवडाभर खोलीबाहेर पडला नाही. एका रात्री मला म्हणाला ताई, सकाळी उठूच नये असं वाटतं. आम्ही दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी गोळी तिथल्या तिथे बंद केली आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. पाच-सहा आठवड्यांत तो पूर्ववत झाला. आज नोकरी करतो, छान आहे.

गोळीमुळे झालं की परीक्षेमुळे, का आणखी कशामुळे, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. घेऊ नका असंही मी म्हणत नाही. पण घरात एका माणसाला हे माहीत असलं पाहिजे की असं होऊ शकतं. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून तीन आठवडे वाया गेले.

बिनधास्त_बाबा (१६ जून, सकाळी ९.३०)

बघा. मी म्हणतच होतो.

डॉ_त्वचा (१६ जून, दुपारी २.२०)

केतकी, लिहिलंत हे फार बरं केलंत. यावर आमच्यातही अनेक वर्षं वाद आहे. मोठ्या लोकसंख्येवर केलेल्या अभ्यासांत हे औषध घेणाऱ्यांमध्ये नैराश्य किंवा आत्महत्येचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही, अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही तसंच म्हटलंय. उलट गंभीर मुरमांनीच मुलं खचतात आणि चेहरा सुधारल्यावर बऱ्याच जणांचं मन सुधारतं. पण एखाद्याच्या बाबतीत औषध सुरू झाल्यावर मन झपाट्याने ढासळलं, अशा नोंदी आहेत आणि म्हणून पाकिटातल्या कागदावर तो इशारा आहे. मी दोन्ही गोष्टी पेशंटला सांगते. आधी नैराश्य असेल, घरात कोणाला असेल, तर सुरू करण्यापूर्वी सांगा. झोप, भूक, बोलणं बदललं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीतही बोलतात.

बाबा, एका मुलाला असं झालं म्हणून सगळ्यांना बंद, असं केलं तर पेनिसिलिनही बंद करावं लागेल. केतकीच्या घरी जे चुकलं ते एवढंच की काय बघायचं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

वैशाली_लंडन (१६ जून, संध्याकाळी ५.४०)

इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२३ ला नियम आला, १८ वर्षांखालच्यांना हे औषध सुरू करायचं तर दोन तज्ज्ञांचं एकमत हवं. माझा मुलगा १६ चा, त्यामुळे आम्हाला दोन सह्यांसाठी थांबावं लागलं. सुरू करायच्या आधी मूड आणि लैंगिक आरोग्याबद्दलही स्पष्ट प्रश्न विचारले, सोळा वर्षांच्या मुलाला, मी शेजारी बसलेले असताना. मग नर्सने मला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. तेव्हा राग आला, आता वाटतं बरोबर केलं. मुलं आईसमोर काही गोष्टी बोलत नाहीत.

गौरीच्या आई, एक विचारते, रागावू नका. तुम्ही सगळ्यांना विचारलंत, गौरीला विचारलंत का?

बिनधास्त_बाबा (१६ जून, रात्री ९.५५)

डॉक्टर, तुमचं म्हणणं वाचलं. पेनिसिलिनचं बरोबर आहे. मी घाईत लिहिलं. माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर आजही खड्डे आहेत, ती फोटो काढून घेत नाही, ५२ वर्षांची आहे. त्या काळी आमच्याकडे कोणी डॉक्टरकडे नेलंच नाही.

अश्विनी_नागपूर (१७ जून, सकाळी १०.३०)

बाबा, हे लिहिलं ते चांगलं केलं.

जाता जाता एक, थोडं विषय सोडून. गोळीला घाबरणाऱ्या बायका मेडिकलमधून गोरं करायची क्रीम बिनदिक्कत आणतात. माझी जाऊ दोन वर्षं लावून राहिली होती, त्यात स्टेरॉइड निघालं. बंद केली की चेहरा लाल, भाजल्यासारखा, आणि बारीक पुरळ. गोळीपेक्षा ते निस्तरायला जास्त दिवस लागले.

डॉ_त्वचा (१७ जून, दुपारी १.१५)

अगदी. यावर वेगळा धागाच काढायला हवा. मुरमांना स्टेरॉइडची क्रीम म्हणजे आगीत तेल.

आणि कोणालाही कुठल्याही औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर नोंद करता येते, पेशंट स्वतः करू शकतो. भारत सरकारचा औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा कार्यक्रम आहे, २०१० पासूनचा. फार कमी लोक कळवतात.

गौरीची_आई (१९ जून, रात्री ११.०५)

वैशालीताई, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. खरंय, विचारलं नव्हतं. मला वाटत होतं तिला घाबरवायला नको, म्हणून मी तो पाकिटातला कागद कपाटात साड्यांखाली ठेवला होता.

काल तिच्याशी बोलायचं म्हणून कागद काढायला गेले तर तिथे नाही. तिच्या थर्मोडायनॅमिक्सच्या वहीत सापडला. पहिल्याच दिवशी काढून वाचला होता तिने. पेन्सिलीने खुणा केलेल्या, केस गळण्यापुढे प्रश्नचिन्ह, डिप्रेशनच्या ओळीखाली रेघ आणि बाजूला मैत्रिणीचं नाव. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, आई मी तिला सांगून ठेवलंय, मी वेगळी वागायला लागले तर तुला फोन करायचा. तू टेन्शन घेशील म्हणून तुला नाही सांगितलं.

म्हणजे मी तिच्यापासून लपवत होते आणि ती माझ्यापासून.

मग आम्ही चौघं बसलो. सासूबाईंचा जिलेटीनचा प्रश्न तिनेच काढला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या औषधाला सोवळं नसतं, पण एकादशीला मला समोर दाखवू नकोस. यांनी फॉर्म वाचला आणि तिच्या सहीखाली सही केली. टेस्टला ती माझ्याबरोबर गेली, पाच मिनिटांचं काम. काल रात्री वरण-भात, तूप आणि पहिली गोळी.

डोंबिवली_फास्ट_लोकल (२० जून, सकाळी ८.२०)

वाचून डोळ्यात पाणी आलं ताई. पहिला महिना धरून राहा.

गौरीची_आई (८ सप्टेंबर, रात्री १०.४५)

बरेच जण विचारत होते म्हणून लिहिते. ११ आठवडे झाले.

डोंबिवलीचे दादा म्हणाले तसंच झालं, चौथ्या आठवड्यात कपाळावर नवीन सहा-सात उठली, रडारड झाली. डॉक्टरांनी बघितलं, डोस तोच ठेवला. आता पाठीवर नवीन गाठ नाही, जबड्यावर एक आहे, ती पण बसतेय. जुने डाग आणि खड्डे तसेच आहेत, डॉक्टर म्हणाले त्यांचं कोर्स संपल्यावर बघू.

ओठांचे हाल आहेत. सुमनताईंनी पाठवलेली भिरंडेलची वडी तिच्या कंपासपेटीत असते, अर्धी संपली. दुपारी सनस्क्रीन आणि स्कार्फशिवाय बाहेर पडत नाही, एकदा विसरली तर गाल लालबुंद झाले होते. रक्ताचा रिपोर्ट परत केला. एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) नॉर्मल, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ९८ होतं ते १५६ झालं. डॉक्टर म्हणाले थोडं वाढतं, यावर थांबवायची गरज नाही, अजून दोन महिन्यांनी बघू, फरसाण-बेकरी कमी करा. रात्रीची स्कूटी बंद आहे, हे क्लासवर आणायला जातात, येताना दोघं काय बोलतात मला सांगत नाहीत.

गौरीचं वजन ५० किलो. डॉक्टरांनी हिशोब करून दाखवला, किलोला १२० एमजी म्हणजे एकूण ६००० एमजी, रोज २० ने ३०० दिवस. तिने कॅलेंडरवर एप्रिलपर्यंत बारीक आकडे टाकलेत.

एक प्रश्न राहिला. तिच्या आतेबहिणीचं लग्न डिसेंबरात आहे, सगळ्या मुली पार्लरला जाणार, वॅक्सिंग चालेल का?

डॉ_त्वचा (९ सप्टेंबर, दुपारी २.००)

छान वाटलं वाचून. वॅक्सिंग अजिबात नको, चालू असताना नाही आणि नंतर ६ महिने नाही. त्वचा नाजूक झालेली असते, पट्टीबरोबर सालच निघून येते. हातापायांना रेझर चालेल.

ऋतुजा_एस (९ सप्टेंबर, दुपारी २.३५)

आणि कॉलेजात रक्तदान शिबिर असेल तर तिथेही रक्त द्यायचं नाही. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला जाऊ शकतं. गोळी संपल्यावर १ महिन्याने चालतं.

गौरीची_आई (९ सप्टेंबर, रात्री ९.१०)

बरं झालं सांगितलंत, शिबिर पुढच्याच आठवड्यात आहे आणि तिने नाव दिलं होतं. आत्ताच मेसेज करून काढायला सांगितलं. म्हणाली, मेच्या शिबिरात देईन.